फक्कीची रेघ

मागच्या महिन्यात एक मेल आली. पाठवणारी मुलगी ओळखीची नव्हती. आडनाव वाचलं आणि ट्यूब पेटली, अरे, ही तर आपल्या माणदेशीची लेक! माणदेशी म्हणजे कॉलेजात आमच्या बास्केटबॉल टीममधला गडी. माण तालुक्यातून आलेला म्हणून माणदेशी. खरं नाव इथे लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना विचारलेलं नाही. २०२१ साली तो गेला. मुलीने लिहिलं होतं, "काका, बाबा सांगलीच्या मॅचचा किस्सा नेहमी सांगायचे. तीन पॉइंटची रेघ मारलेली नव्हती म्हणून एका पॉइंटने हरलो, असा. तुम्ही कॅप्टन होतात ना? तुम्हाला जेवढं आठवतं तेवढं लिहून ठेवाल का?"

लिहून ठेवायला काय हरकत आहे? हरकत आहे, म्हणून तर महिना गेला. पण ते पुढे येईलच.

आधी एक सांगतो. आमच्या त्या मोसमाचा, म्हणजे १९८५-८६ चा, कागदोपत्री पुरावा जवळजवळ शून्य आहे. कॉलेजच्या वार्षिक अंकात जिमखान्याच्या अहवालात एक ओळ आहे: बास्केटबॉल संघाने आंतरविभागीय स्पर्धेत भाग घेतला. बस. त्याच्या वर कबड्डीवर दीड पान आणि कुस्तीवर एक पान, फोटोसकट. आमचा एक फोटो माझ्याकडे आहे. त्यात दहा जण उभे आहेत आणि त्यातल्या तिघांच्या अंगावरच्या बनियनवर नंबर नाही, कारण जर्सी सातच होत्या. बदली खेळाडू आत जाताना बाहेर येणाऱ्याची जर्सी घालायचा. घामाने थबथबलेली जर्सी अंगात अडकवताना जो चेहरा व्हायचा तो फोटोत आलेला नाही, एवढंच दुःख.

म्हणजे इतिहास लिहायचा तर आठवणीवरून, आणि आठवणी सांगणारे आम्ही सगळे हरलेले. हरलेल्या माणसांच्या आठवणीवर किती विश्वास ठेवायचा ते तुम्हीच ठरवा.

मुळात हा खेळ आमच्याकडे आला कसा हा प्रश्न मला तेव्हा पडला नव्हता. खेळायला मिळतंय, खेळा. नंतर वाचत गेलो तसतशी गंमत वाटत गेली. जेम्स नेस्मिथ नावाच्या, मूळच्या कॅनडातल्या शिक्षकाने डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेत स्प्रिंगफील्ड गावी हा खेळ शोधून काढला. का, तर बाहेर बर्फ. मैदानावर जाता येत नाही, आणि व्यायामशाळेत तेच ते कवायतीचे प्रकार करून पोरं कंटाळलेली, उच्छाद मांडणारी. त्याने सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर लावले आणि अठरा पोरं नऊ-नऊच्या दोन टीममध्ये वाटली. सज्जा जमिनीपासून दहा फुटांवर होता. आजही रिंग तेवढ्याच उंचीवर असते, ३.०५ मीटर. एका इमारतीच्या सज्जाची उंची सगळ्या जगाने जशीच्या तशी उचलली, हे मला फार आवडतं. (पहिला सामना १-० असा संपला. आमची टीम शोभली असती त्यात.)

तर हा खेळ जन्माने घरातला, छपराखालचा. आणि आम्ही तो खेळायचो साताऱ्यात, मुरमाच्या मैदानावर, भर पावसाळ्यात. कॉलेज जूनमध्ये सुरू, जुलैत सिलेक्शन, सप्टेंबरात विभागीय सामने. म्हणजे सरावाचे महिने नेमके जुलै-ऑगस्ट, जेव्हा यवतेश्वराकडून सरी येतात आणि अजिंक्यतारा दोन-दोन दिवस दिसत नाही. मुरमावर पाणी साचलं की चेंडू टप्पाच घेत नाही. तुम्ही तो खाली आपटता आणि तो तिथेच बसतो, म्हैस बसावी तसा. त्यामुळे आमच्या टीमला ड्रिबलिंग कमी आणि पासिंग जास्त यायचं. बघणाऱ्यांना ती शैली वाटायची. ती चिखलाची देणगी होती.

आम्हीच असे कर्मदरिद्री असं मला बरीच वर्षं वाटायचं. मग कळलं की १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल पहिल्यांदा खेळला गेला तोही उघड्यावर, टेनिसच्या मातीच्या कोर्टांवर. फायनलच्या दिवशी धो धो पाऊस. अमेरिका आणि कॅनडा चिखलात घसरत खेळले आणि अमेरिका १९-८ अशी जिंकली. ऑलिंपिकची फायनल आणि स्कोअर १९-८! नेस्मिथ स्वतः त्या ऑलिंपिकला हजर होते. आणि त्याच बर्लिनमध्ये आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या मंडळींनी कबड्डीची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. म्हणजे बास्केटबॉल आणि कबड्डी दोघंही एकाच जत्रेत जगासमोर उभे राहिले. पुढे एक कुठल्या कुठे गेला, आणि दुसरीला आमच्या वार्षिक अंकात दीड पान मिळालं. असो.

भारतात हा खेळ आणला वायएमसीएने. हॅरी क्रो बक नावाचे गृहस्थ, हेही स्प्रिंगफील्डमध्येच शिकलेले, त्यांनी १९२० मध्ये मद्रासला शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं. तिथून शिकून शिक्षक देशभर गेले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीत झाली आणि बास्केटबॉल फेडरेशन १९५० मध्ये स्थापन झालं. आमचे पीटीचे सर मद्रासचे नव्हते, कांदिवलीच्या सरकारी संस्थेत शिकलेले होते, पण त्यांच्या वहीत ले-अपची जी आकृती होती, एक पाऊल, दुसरं पाऊल, उडी, ती अशीच हातोहात उतरत आलेली असणार. सर ती वही पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणायचे आणि पिशवीतूनच दाखवायचे.

सांगलीचं म्हणाल तर तिथे कॉलेज शिक्षण आमच्यापेक्षा जुनं. विलिंग्डन कॉलेज १९१९ चं, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं, सांगली आणि मिरज यांच्या मधोमध विश्रामबागेत. वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजची सुरुवात १९४७ ची. शेजारच्या मिरजेत तर १८९४ पासून मिशन हॉस्पिटल, आणि ते उभं करणारे डॉक्टर वानलेस हेही नेस्मिथसारखे मूळचे कॅनडाचेच! (या दोन कॅनडावाल्यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. मला उगाच जोडून बघायची खोड आहे.) साताऱ्यात कर्मवीर भाऊरावांनी छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेही १९४७ मध्येच. पुढे १९६१ मध्ये सैनिक स्कूल आलं, देशातलं पहिलं. तिथे बास्केटबॉल खेळला जायचा. आमच्या टीममधले दोघे तिथून आलेले. त्यांना बुटाची नाडी कशी बांधायची इथपासून सगळं येत होतं. बाकीचे आम्ही कोण कबड्डीतून गळलेले, कोण उंच आहे म्हणून पकडून आणलेले.

माणदेशी या दोन्हींत बसत नव्हता. उंची बेताची. गावात त्याने बास्केटबॉल पाहिलेलाही नव्हता. पण गोफण चालवलेली होती. जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर उभं राहून लांबच्या पाखरांवर दगड सोडायचा. पहिल्या दिवशी सरांनी चेंडू हातात दिला आणि म्हणाले, टाक. हा रिंगजवळ गेलाच नाही, होता तिथूनच, मैदानाच्या जवळजवळ मध्यावरून त्याने टाकला. बोर्डाच्या वरून पलीकडे सुपारीच्या टपरीवर. दुसरा बोर्डाला. तिसरा आत. सर काही बोलले नाहीत, वहीत काहीतरी लिहिलं.

आता विद्यापीठाच्या स्पर्धा कशा चालतात ते थोडक्यात. सांगली-साताऱ्याची कॉलेजं आधी मुंबई विद्यापीठाला जोडलेली, मग १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झालं तेव्हा पुण्याला, आणि १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाल्यावर तिकडे. आमच्या वेळी कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर असे विभाग होते. (सोलापूरचं स्वतंत्र विद्यापीठ झालं ते २००४ मध्ये.) आधी आपापल्या विभागात जिंकायचं, मग आंतरविभागीय. तिथे विद्यापीठाची टीम निवडणारे बसलेले असतात. विद्यापीठाच्या टीममध्ये नाव लागलं की सर्टिफिकेट आणि ब्लेझर. ब्लेझरचं सोडा. त्या सर्टिफिकेटवर पोलिसात, बँकेत, एसटीत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागण्याची शक्यता असायची. माणमधल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी या कागदाचा अर्थ काय होतो हे मला, म्हणजे साताऱ्यातल्या एका नोकरदाराच्या मुलाला, तेव्हा कळत नव्हतं. कळत नव्हतं म्हणजे कानावर होतं, पण मनात उतरलेलं नव्हतं.

आमचा मोसम झाला एकूण चार सामन्यांचा. अमेरिकेत कॉलेजच्या टीमा एका मोसमात पंचवीस-तीस सामने खेळतात म्हणे. आम्ही चार. त्यातले विभागातले तीन जिंकलो. पहिल्यात समोरची टीम सात जणांचीच आली होती आणि पाच-पाच फाउल होऊन शेवटी चौघंच मैदानावर उरले, त्यामुळे त्याबद्दल फार बढाई मारत नाही. दुसरा पावसात. तिसरा, विभागाची फायनल, आम्ही खरोखर चांगला खेळलो आणि त्याबद्दल मला आश्चर्य म्हणजे जवळजवळ काहीच आठवत नाही. जिंकलेले सामने असे विरघळून जातात. सरांनी राजवाड्याजवळ सगळ्यांना कंदी पेढे दिले, प्रत्येकी एक, आणि लंबूने (आमचा सेंटर) दोन घेतले, हे मात्र पक्कं आठवतं.

चौथा सांगलीचा.

त्याआधी रेघेबद्दल सांगायला हवं. तीन पॉइंटचा नियम आज लहान पोरांनाही माहीत असतो. लांबून बास्केट टाकला तर दोनऐवजी तीन. पण हा नियम आंतरराष्ट्रीय नियमांत आला १९८४ मध्ये. रिंगच्या मध्याखाली जमिनीवर जो बिंदू येतो तिथून ६.२५ मीटरवर एक मोठी कमान काढायची, तिच्या बाहेरून टाकलेल्याला तीन. (२०१० मध्ये ते अंतर ६.७५ झालं.) नियम झाला जिनिव्हा-म्युनिककडे कुठेतरी, आणि मैदानं होती सातारा-सांगलीत. तेव्हा १९८५ च्या पावसाळ्यात कुठे रेघ होती, कुठे नव्हती. आमच्या सरांना नियम माहीत होता. त्यांनी सुतळी मोजून आणली, एक टोक रिंगखाली मी धरलं, दुसऱ्या टोकाला माणदेशी फक्कीचा डबा घेऊन गोल फिरला. फक्की म्हणजे मैदान आखायची पांढरी भुकटी, शाळेत खो-खोच्या पाट्या आखलेल्या सगळ्यांना माहीत असेल. पाऊस आला की रेघ जायची. पाऊस उघडला की आम्ही पुन्हा मारायचो. त्या मोसमात ती कमान निदान वीसेक वेळा आम्ही दोघांनी मारली असेल. माणदेशीला पुढे पुढे सुतळी लागत नव्हती, डोळ्यांनी मारायचा. आणि मग तिच्याबाहेर उभा राहून टाकत बसायचा, अंधार पडेपर्यंत. खेळात पहिल्यांदाच त्याच्यासारख्या माणसासाठी कुणीतरी नियम केला होता.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. सकाळच्या गाडीने निघालो. कऱ्हाड, पेठ नाका, इस्लामपूर, आष्टा, सांगली. कृष्णा भरलेली होती. दुपारी यजमान कॉलेजवर पोचलो. कॉलेजचं नाव घेत नाही, आता त्याला चाळीस वर्षं झाली आणि त्यांची काही चूकही नव्हती, ते पुढे कळेलच. मैदान बघून आम्ही हरखलो. सिमेंटचा कोबा! कोरडा! पांढऱ्या ऑइलपेंटने आखलेलं. चेंडू आपटला की हातात परत येतो, हे सुख आम्हाला नवीन होतं. बाउंड्री होती, फ्री थ्रोची रेघ होती, मधलं वर्तुळ होतं. तीन पॉइंटची कमान नव्हती.

सामना आमचा आणि सांगली विभागाच्या विजेत्यांचा. चाळीस मिनिटांचा, वीस-वीसचे दोन हाफ. ती टीम आमच्यापेक्षा सरस होती, हे आमच्यातला कुणीही आजपर्यंत कबूल करत नाही, म्हणून मी करतो. त्यांचा एक गार्ड चेंडू पाठीमागून फिरवायचा. आम्ही नुसते बघत राहायचो. पण लंबू त्या दिवशी कुणाला ऐकत नव्हता, आणि माणदेशीचे लांबून पडत होते. कोरड्या कोब्यावर पाय घट्ट रोवून टाकत होता. शेवटी शेवटी ५१-५४. आम्ही तीनने मागे, काही सेकंद उरलेले. चेंडू माणदेशीकडे. कोब्याला एक भेग होती, सिमेंटचे दोन भाग जोडतात तशी, तिच्यावर उभं राहून त्याने टाकला. आवाज न होता आत गेला. शिट्टी. ५३-५४.

तीन धरले असते तर ५४-५४, पाच मिनिटांचा जादा वेळ. हा झाला किस्सा. गेली कित्येक वर्षं आम्ही जेव्हा जेव्हा भेटलो, कुणाच्या लग्नात, कुणाच्या मुंजीत, दोनदा स्मशानातसुद्धा, तेव्हा तो असाच सांगितला गेला. "च्यायला, सांगलीवाल्यांनी रेघच मारली नाही!" माणदेशी स्वतः सांगताना हाताने कमान काढून दाखवायचा. दर वेळी भेग रिंगपासून थोडी थोडी लांब जायची. शेवटच्या वेळी ती मधल्या वर्तुळाला टेकली होती. :)

इतिहास म्हणून बघायला गेलं तर या किश्शात दोन भोकं आहेत. पहिलं, रेघ असती तर ती त्यांनाही असती. त्यांच्या त्या गार्डने दुसऱ्या हाफमध्ये निदान दोन लांबून टाकलेले मला आठवतात. ते तीन-तीनचे झाले असते तर शेवटच्या क्षणी आम्ही तीनने नाही, पाचने मागे असतो आणि माणदेशीच्या त्या बास्केटला कुणी विचारलंही नसतं. दुसरं, ती भेग ६.२५ च्या बाहेर होती की आत, हे आता मोजता येत नाही. तीन वर्षांपूर्वी एका कामासाठी सांगलीला गेलो होतो तेव्हा खिशात टेप घालून तिथे गेलो. मैदानाच्या जागी दुचाक्यांची शेड आहे. वॉचमनने विचारलं, काय पाहिजे? काय सांगणार.

तिसरी गोष्ट किश्शातलं भोक नाही, ती किश्शात आलेलीच नाही. ती आजवर कुणाला सांगितली नाही. घरीही नाही.

सामन्याआधी पंचांनी दोन्ही कॅप्टनना बोलावलं होतं. सर तेव्हा मॅनेजर लोकांच्या मीटिंगला आत ऑफिसात होते. पंच म्हणाले, तीन पॉइंटची रेघ नाहीये. दोघांची इच्छा असेल तर मारून घेऊ, फक्की आहे, माणूस आहे, वीस-पंचवीस मिनिटं लागतील. नसेल तर आजचा सामना दोनवरच खेळू. समोरच्या कॅप्टनने खांदे उडवले, म्हणाला, आम्हाला कसंही चालेल. पंचांनी माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणालो, राहू दे सर, आहे तसंच खेळू. साताऱ्याची शेवटची गाडी चुकेल.

आमच्या टीममध्ये ती कमान मारायला सुतळीसुद्धा न लागणारा माणूस वीस पावलांवर बुटाची नाडी बांधत होता. मी त्याला हाक मारली असती तर दहा मिनिटांत दोन्ही बाजू आखून झाल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं. बुडवलं तर टर्म धोक्यात, वडील काय म्हणतील, वगैरे. नंतर मी स्वतःची समजूत घातली की ते डावपेच होते, त्यांचा गार्ड लांबून टाकतो हे मला माहीत होतं म्हणून. माहीत नव्हतं. मी त्याला तोवर खेळताना पाहिलेलंच नव्हतं. गाडीचाच विचार होता. आणि या गाडीच्या विचारात एक गोम आहे, ती मला फार उशिरा, पन्नाशीनंतर कधीतरी रात्री झोप येत नसताना कळली. जिंकलो असतो तर मुक्काम होता. दुसऱ्या दिवशी पुढचा सामना, राहायची सोय तिथल्याच एका शाळेच्या वर्गात केलेली होती. संध्याकाळची गाडी फक्त हरलेल्यांना पकडायची होती. पंचांनी विचारलं तेव्हा, चेंडू वर उडायच्या आधी, कॅप्टनने सामना सोडून दिलेला होता.

निवड समितीने त्या दिवशी कुणाला निवडलं वगैरे तपशील आता माझ्याकडे नाहीत. आमच्यातला कुणी नव्हता. माणदेशीचं त्या सामन्यावर अडलं असं मी म्हणणार नाही. एका जादा वेळाने कुणाचं आयुष्य बदलतं हे सिनेमात ठीक आहे. आम्ही जिंकलो असतो, तो दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळला असता, निवडणाऱ्यांनी बघितलं असतं, एवढंच म्हणता येतं. पुढे त्याने बीपीएड केलं, दोन वर्षं घरी बसला, मग माण तालुक्यातच एका हायस्कुलात लागला. पस्तीस मुलं आणि एक चेंडू, असं त्याच्या पत्रात असायचं. तक्रार नव्हती, पण पहिल्या काही पत्रांत त्या सर्टिफिकेटचा उल्लेख यायचा. "ते असतं तर" एवढाच. मी उत्तरात बाकी सगळं लिहायचो.

सांगायचं राहून गेलं असं नाही. तीनदा ठरवलं होतं. एकदा तर साताऱ्याला पोवई नाक्यावर चहा पिताना त्याने स्वतःच विषय काढला, "पंचाला सांगून रेघ मारून घ्यायला पाहिजे होती रं आपण." मी म्हटलं, "तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं?" तो म्हणाला, "खरंय." आणि त्याने चहाचे पैसे दिले.

हे सगळं त्याच्या मुलीला कळवायचं की नाही यात महिना गेला. किस्सा तिच्याकडे वडिलांकडून आलेला आहे, तो तसाच राहू द्यावा, त्यात माझी कबुली कशाला, असं एकदा वाटायचं. पण तिने कॅप्टनला विचारलं होतं, आणि कॅप्टन एकच होता. शेवटी वर जे लिहिलंय त्याचाच खर्डा मागच्या रविवारी तिला पाठवला. म्हटलं, आधी तू वाच. तुझी हरकत असेल तर हे इथे टाकणार नाही.

दोन दिवस काही उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी आलं. तिने लिहिलं होतं की टाका, हरकत नाही. शाळेच्या मैदानावर बाबा दर शनिवारी फक्कीने मोठी कमान मारायचे आणि ती सुतळी धरायला जायची, ते तिला वाचता वाचता आठवलं. (म्हणजे पुन्हा सुतळी लागायला लागली होती. की मुलीला सोबत घ्यायला निमित्त?) रागावली आहे का ते मला मेलवरून कळलं नाही. खाली एकच प्रश्न होता: "मग ती गाडी मिळाली का काका?"

नाही मिळाली गं. सामना संपल्यावर सह्या, भत्त्याचं व्हाउचर, लंबूच्या घोट्याला पट्टी, यात वेळ गेला. आम्ही स्टँडवर धावत पोचलो तेव्हा गाडी सुटलेली होती. रात्र सांगली स्टँडच्या बाकांवर काढली, दहा जण आणि सर. सरांनी भडंग आणलं, कांदा चिरायला सुरी नव्हती म्हणून तुझ्या बाबांनी तो मुठीने फोडला. पहाटेच्या पहिल्या गाडीने निघून साताऱ्याला पोचेपर्यंत माझं प्रॅक्टिकल सुरू होऊन गेलं होतं. गाडीत तुझे बाबा माझ्या शेजारीच बसले होते. आष्ट्याच्या पुढे त्यांना झोप लागली, डोकं माझ्या खांद्यावर, आणि चेंडूची जाळी त्यांच्या पायांत अडकवलेली, हरवू नये म्हणून.